इलेक्ट्रिक गिटार कॉम्प्युटरला जोडून घरी रेकॉर्डिंग कसं करायचं: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

गिटार घेतली, छोटा ॲम्प घेतला, चार गाणी हातात बसली, की पुढचा प्रश्न ठरलेला: आता हे रेकॉर्ड कसं करायचं? फोन ॲम्पसमोर ठेवून केलेलं रेकॉर्डिंग ऐकलं की मन खट्टू होतं. मग कोणी म्हणतं केबल थेट लॅपटॉपला लाव, कोणी म्हणतं मिक्सर घे, दुकानदार तिसरंच काही हातात ठेवतो. यात पैसे जातात आणि उत्साहही जातो. ते टाळता यावं म्हणून हे सगळं क्रमाने लिहून काढतोय. विंडोज लॅपटॉप, साधा ऑडिओ इंटरफेस (गिटारचा सिग्नल कॉम्प्युटरला समजेल असा करून देणारी छोटी पेटी) आणि रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर धरून लिहिलंय, कारण मी हेच वापरतो. मॅक आणि लिनक्सवर जिथे फरक पडतो तिथे तसं सांगेन.

एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा. कॉम्प्युटरमध्ये घ्यायचा तो गिटारचा कोरडा, स्वच्छ सिग्नल. डिस्टॉर्शन, रिव्हर्ब, ॲम्पचा रंग हे सगळं नंतर चढवता येतं, उतरवता येतं, सहा महिन्यांनी मन बदललं तर पुन्हा वेगळं करता येतं. पण आत आलेला सिग्नलच खराब असेल तर त्यावर काहीही लावा, तो सुधारत नाही. खालच्या बहुतेक पायऱ्या या एकाच कामासाठी आहेत. म्हणून एक पायरी जमल्याशिवाय पुढची घेऊ नका.

काय काय लागेल

- ऑडिओ इंटरफेस, ज्याच्या एका इनपुटवर ‘इन्स्ट’, ‘इन्स्ट्रुमेंट’ किंवा ‘हाय-झी’ असं लिहिलेलं असेल
- ६.३५ मिमी मोनो जॅकची शिल्डेड गिटार केबल, तीन मीटरची पुरते
- कान पूर्ण झाकणारा, वायरचा हेडफोन आणि त्याचा पिन बारीक असेल तर ३.५ ते ६.३५ मिमी स्टिरिओ अडॅप्टर
- कॉम्प्युटर, शक्यतो ८ जीबी रॅम किंवा जास्त
- रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर आणि ॲम्प सिम्युलेटर, म्हणजे त्या सॉफ्टवेअरच्या आत ॲम्पसारखा आवाज देणारं प्लगइन, अर्थात जोड-प्रोग्राम (दोन्ही फुकट सुरू करता येतात)
- ट्यूनर, आणि तारा जुन्या झाल्या असतील तर नवीन सेट

ब्लूटूथ हेडफोन इथे चालत नाही. त्यात आवाज कानापर्यंत पोचायला इतका वेळ लागतो की तार छेडल्यावर सूर मागून येतो आणि ताल सुटतोच.

इंटरफेस शक्य असेल तर दुकानात जाऊन, स्वतःची गिटार लावून ऐकून घ्या. मुंबईत धोबी तलावला फुर्ताडोस हे वाद्यांचं जुनं दुकान आहे. केबल, अडॅप्टर, जॅक यांसाठी मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात तापकीर गल्ली आहेच. केबल घेताना जॅकचं धातूचं टोपण फिरवून उघडा आणि आत पाहा. मधोमध एक बारीक वायर आणि तिच्याभोवती तांब्याच्या तारांची जाळी दिसली तर ती गिटारची केबल. सारख्याच जाडीच्या दोन वायर शेजारी शेजारी दिसल्या तर ती स्पीकरची केबल आहे. बाहेरून दोन्ही सारख्या दिसतात, पण स्पीकरच्या केबलला शिल्ड नसल्यामुळे घरातली सगळी विजेची गुणगुण ती आत ओढून घेते.

१. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात गिटार लावू नका

अडॅप्टर लावून गिटार थेट लॅपटॉपला जोडायचा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळतो. आवाज येतो, हे खरं आहे. पण कसा येतो ते समजून घ्या.

गिटारच्या पिकअपमध्ये लोहचुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. त्यातून निघणारा सिग्नल नाजूक असतो आणि त्याचा इम्पीडन्स, म्हणजे सिग्नलच्या वाटेतला विजेचा अडथळा, जास्त असतो. सूर जितका वरचा तितका तो आणखी वाढतो. असा सिग्नल ज्या इनपुटमध्ये जाईल तिचा इम्पीडन्स साधारण १ मेगाओहम, म्हणजे १० लाख ओहम हवा. लॅपटॉपचं माइकचं भोक हेडसेटच्या माइकसाठी बनवलेलं असतं आणि त्याचा इम्पीडन्स काही हजार ओहमच असतो. तिथे गिटार लावली की वरचे सूर दबतात, तारेची धार जाते, वर सूंसूं असा आवाज येतो. मिक्सरच्या साध्या लाइन इनपुटलाही हाच त्रास असतो. ‘हाय-झी’ (म्हणजे जास्त इम्पीडन्स) हे दोन शब्द शोधायला सांगतोय ते याचसाठी.

२. इंटरफेस आधीच घरात आहे का, ते पाहा

बॉस कटाना मालिकेतले बरेच ॲम्प किंवा बॉस जीटी-१ सारखे मल्टी-इफेक्ट पेडल यूएसबीने कॉम्प्युटरला जोडले की स्वतःच इंटरफेसचं काम करतात. तुमच्याकडे असं काही असेल तर वेगळी खरेदी करायच्या आधी त्याचं मॅन्युअल काढा आणि ‘यूएसबी ऑडिओ’ असं कुठे लिहिलंय का ते शोधा. नुसतं यूएसबीचं भोक असणं पुरेसं नाही, काही पेडलना ते फक्त सॉफ्टवेअर अपडेटसाठी दिलेलं असतं.

नवीन घ्यायचा असेल तर एकट्या गिटारवाल्याला एक इन्स्ट्रुमेंट इनपुट पुरते. फोकसराइट स्कारलेट सोलो, ऑडिएंट आयडी४, बेहरिंगर यूएमसी मालिकेतले छोटे इंटरफेस, यांपैकी कोणताही या कामाला चालेल. आवाजाच्या दर्जात आज यांच्यात जो फरक आहे तो नवख्याला जाणवणार नाही. फरक जाणवतो तो ड्रायव्हरचा, म्हणजे इंटरफेस आणि कॉम्प्युटर यांची गाठ घालून देणाऱ्या छोट्या प्रोग्रामचा. कंपनी विंडोजसाठी स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (तो काय ते पुढच्या पायरीत) देते का, हे विकत घेण्याआधी तिच्या संकेतस्थळावर पाहा. देत नसेल तर थोडे पैसे जास्त टाकून देणारा घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

एक धोक्याची सूचना: ॲम्पच्या मागच्या ‘स्पीकर आउट’मधून इंटरफेसमध्ये केबल कधीही लावू नका. तिथून मोठी पॉवर बाहेर पडते आणि इंटरफेस जळू शकतो. ॲम्प ट्यूबचा असेल आणि त्याचा स्पीकर काढून चालू केलात तर ॲम्पचा आउटपुट ट्रान्सफॉर्मरही जाऊ शकतो. ‘लाइन आउट’ किंवा हेडफोनचं भोक असेल तर ती गोष्ट वेगळी.

३. ड्रायव्हर टाका

विंडोजचा आवाजाचा नेहमीचा मार्ग सिनेमा पाहायला ठीक आहे, वाजवायला तो संथ पडतो. एएसआयओ ही पद्धत स्टाइनबर्ग कंपनीने १९९७मध्ये आणली, ती या मार्गाला वळसा घालून सॉफ्टवेअरला थेट इंटरफेसशी बोलू देते.

ड्रायव्हर कंपनीच्या संकेतस्थळावरूनच घ्या. बऱ्याच कंपन्या आधी ड्रायव्हर टाकून मग इंटरफेस जोडायला सांगतात, तो क्रम पाळा. कंपनीचा ड्रायव्हर नसेल तर एएसआयओफोरऑल नावाचा फुकट पर्याय आहे, पण तो विंडोजच्याच ड्रायव्हरवर बसलेला असतो, त्यामुळे शेवटचा उपाय म्हणूनच वापरा. मॅकमध्ये या कामासाठी कोअर ऑडिओ आधीपासून असतो, वेगळं काही लागत नाही. मात्र सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडल्यावर मॅक मायक्रोफोनची परवानगी मागतो. तिथे नकार दिलात तर सगळं बरोबर जोडूनही मीटर हलणार नाही. लिनक्सवर बहुतेक यूएसबी इंटरफेस ड्रायव्हरशिवाय ओळखले जातात, वर जॅक किंवा पाइपवायर यांपैकी आवाज सांभाळणारं एक सॉफ्टवेअर चालवलं की झालं.

इंटरफेस लॅपटॉपच्या पोर्टला थेट लावा, हबमधून नको. आणि केबल त्याच्यासोबत आलेलीच वापरा. मोबाइलच्या चार्जिंगच्या काही केबलमध्ये डेटाच्या वायर नसतात: दिवा लागतो पण कॉम्प्युटरला इंटरफेस दिसत नाही.

जोडल्यावर विंडोज बहुधा सगळा आवाज इंटरफेसकडे वळवतं. साउंड सेटिंगमध्ये जाऊन नेहमीचा आवाज परत लॅपटॉपच्या स्पीकरवर न्या, म्हणजे वाजवताना कुणाच्या मेसेजची टिंग हेडफोनमध्ये येणार नाही.

४. गिटार लावा आणि गेन ठरवा

या पायरीला वेळ द्या. पुढचं सगळं हिच्यावर उभं आहे.

इंटरफेसचा गेन (आत येणारा सिग्नल किती मोठा करायचा ते ठरवणारं बटण) शून्यावर आणि हेडफोनचा आवाज कमी ठेवून मगच केबल लावा. ‘इन्स्ट’चं बटण दाबा. ते दाबायचं राहिलं तर इनपुट लाइनवरच राहते आणि पहिल्या पायरीत सांगितलेला दबका आवाज इथेही येतो. ‘४८ व्ही’ लिहिलेलं बटण कंडेन्सर माइकसाठी असतं, ते बंद ठेवा.

आता गिटारचा व्हॉल्यूम आणि टोन पूर्ण उघडा. ब्रिजकडचा पिकअप निवडा. सहाही तारांचा ई कॉर्ड घ्या आणि तुम्ही गाण्यात जितक्या जोरात वाजवाल त्याहून थोड्या जास्त जोरात मारा. मारत असतानाच गेन हळूहळू वाढवा आणि सॉफ्टवेअरच्या मीटरवर सगळ्यात उंच उसळी उणे १२ डेसिबलच्या आसपास आली की थांबा. (सॉफ्टवेअर पुढच्या पायरीत लावायचंय, तोवर इंटरफेसवरचा दिवा पाहा. स्कारलेटवर गेनच्या बटणाभोवतीची कडी हिरवी राहायला हवी, लाल कधीच होता कामा नये.)

मीटर अर्ध्यावरच दिसतो म्हणून गेन वाढवायचा मोह होतो. वाढवू नका. २४ बिटवर रेकॉर्ड करताना खाली इतकी जागा असते की सिग्नल थोडा हळू असला तरी काही बिघडत नाही. वर मात्र शून्याला भिंत आहे. सिग्नल तिथे आदळला की रेकॉर्डिंगच्या चित्रात लाटांची टोकं सुरीने कापल्यासारखी सपाट दिसतात. ट्यूब ॲम्पचं डिस्टॉर्शन कानाला गोड लागतं, हे मात्र कर्कश तडतडतं आणि नंतर दुरुस्त होत नाही.

गेन शून्यावर असूनही दिवा लाल होत असेल तर तुमचे पिकअप फार जोरकस आहेत. इंटरफेसवर ‘पॅड’, म्हणजे आत येणारा सिग्नल कमी करणारं बटण, असेल तर ते लावा. नसेल तर पिकअपच्या दोन्ही बाजूंचे स्क्रू पाव-पाव फेरा फिरवून तो तारांपासून थोडा खाली न्या. आणि कानाला आवाज कमी वाटला म्हणून गेनला हात लावू नका. कानासाठी हेडफोनचं बटण वेगळं आहे.

५. सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅक उघडा

रीपर ६० दिवस पूर्ण सुविधांसह वापरून बघता येतं, नंतर वैयक्तिक वापराचा परवाना ६० डॉलरला मिळतो. मॅकवर गॅरेजबँड फुकट आहे आणि सुरुवातीला उत्तम. ऑडॅसिटी कापाकापीला छान आहे, पण वाजवतानाच ॲम्पचा आवाज कानात ऐकायची सोय त्यात नाही, म्हणून या कामाला ते घेऊ नका.

रीपरमध्ये असं करा:

- आधी प्रोजेक्ट सेव्ह करा आणि सेव्ह करताना ‘क्रिएट सबडिरेक्टरी फॉर प्रोजेक्ट’वर टिक करा. हे न केल्यास आवाजाच्या फाइली भलत्याच फोल्डरमध्ये साठतात आणि लॅपटॉप बदलताना मागे राहतात.
- ‘ऑप्शन्स’, ‘प्रेफरन्सेस’, ‘ऑडिओ’, ‘डिव्हाइस’ असं जात एएसआयओ निवडा, खाली तुमच्या इंटरफेसचा ड्रायव्हर निवडा. सॅम्पल रेट (सेकंदाला आवाज किती वेळा मोजायचा) ४८०००, ब्लॉक साइज (याबद्दल पुढच्या पायरीत) १२८.
- कंट्रोल आणि टी दाबून नवा ट्रॅक घ्या, त्याचं लाल बटण दाबा.
- इनपुट ‘मोनो’ घ्या, आणि गिटार इंटरफेसच्या ज्या नंबरच्या भोकात आहे तोच नंबर निवडा. चुकून स्टिरिओ निवडलं तर गिटार एकाच कानात येते.
- मॉनिटरिंग, म्हणजे वाजवतानाच तो ट्रॅक कानात ऐकायची सोय, चालू करा आणि तार छेडा. मीटर हलला पाहिजे.

मीटर हलत नसेल तर मागून पुढे या: गिटारचा व्हॉल्यूम, केबल, गेन, इनपुटचा नंबर, ड्रायव्हर. दोष बहुतेक वेळा या पाचांतच सापडतो.

६. उशीर कमी करा

तार छेडल्यापासून सूर कानात येईपर्यंतचा वेळ म्हणजे लेटन्सी. तो मुख्यतः त्या ब्लॉक साइजवर, म्हणजे बफरवर ठरतो. ४८००० सॅम्पल रेटला १२८चा बफर म्हणजे साधारण २.७ मिलिसेकंद, २५६ म्हणजे ५.३ आणि १०२४ म्हणजे २१ मिलिसेकंद. हा वेळ आत येताना एकदा आणि बाहेर जाताना एकदा असा दोनदा मोजायचा, वर इंटरफेसचा स्वतःचा थोडा.

हवेत आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे ॲम्पपासून तीन मीटरवर उभं राहून वाजवणाऱ्यालाही जवळजवळ ९ मिलिसेकंद उशीर होतच असतो आणि त्याची कुणी तक्रार करत नाही. एकूण १० मिलिसेकंदांच्या आत राहिलात की हात मोकळा चालतो. २०च्या पुढे गेलात की तुम्ही नकळत तालाच्या पुढे वाजवू लागता.

बफर कमी केल्यावर आवाज तडकू लागला तर कॉम्प्युटरला झेपत नाहीये. २५६ करा, ब्राउझर बंद करा, विंडोजचा पॉवर प्लॅन ‘हाय परफॉर्मन्स’वर ठेवा, वाय-फाय बंद करून पाहा. तरीही तडकत असेल तर लेटन्सीमॉन नावाचं फुकट साधन कुठला ड्रायव्हर अडवतोय ते दाखवतं. रेकॉर्डिंग संपून मिक्सिंग सुरू झालं की बफर खुशाल १०२४ करा, तेव्हा उशिराने काही बिघडत नाही.

इंटरफेसवर ‘डायरेक्ट मॉनिटर’चं (कॉम्प्युटरमधून न जाता गिटार थेट हेडफोनमध्ये ऐकवणारं) बटण असेल तर ॲम्प सिम्युलेटर ऐकताना ते बंद हवं. चालू राहिलं तर कोरडी गिटार आणि ॲम्पमधली गिटार अशा दोन्ही ऐकू येतात, एकीमागून एक.

७. ॲम्पचा आवाज चढवा

गिटार रिग प्लेअर, न्यूरल ॲम्प मॉडेलर, ॲम्प्लिट्यूबची फुकट आवृत्ती, यांतलं एक घ्या आणि महिनाभर तेच वापरा. दहा प्लगइन उतरवून ठेवले की संध्याकाळ प्रीसेट बदलण्यात जाते. क्रॅक केलेले प्लगइन टाळा. बनवणाऱ्याचं नुकसान होतंच, शिवाय त्यांतून व्हायरस येतात.

नवख्यांना हमखास चकवणारी गोष्ट म्हणजे कॅबिनेट, म्हणजेच ॲम्पचा स्पीकर आणि त्याचा खोका. गिटारचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचे सूर झपाट्याने कापतो, आणि आपल्या ओळखीचा डिस्टॉर्शनचा आवाज त्या कापण्यातूनच तयार होतो. ॲम्प लावला आणि कॅबिनेट लावलं नाही तर आवाज झोंबणारा, भणभणणारा येतो. गिटार रिगच्या प्रीसेटमध्ये कॅबिनेट सहसा असतंच. न्यूरल ॲम्प मॉडेलरमध्ये मात्र ॲम्पची फाइल वेगळी आणि कॅबिनेटची ‘इम्पल्स रिस्पॉन्स’ फाइल वेगळी, अशा दोन्ही स्वतः भराव्या लागतात.

डिस्टॉर्शन मनाला वाटतं त्याच्या निम्मं ठेवा. एकट्याने ऐकताना कमी वाटेल, पण ड्रम आणि बास आले की कॉर्डमधला प्रत्येक सूर वेगळा ऐकू येईल. रीपर नेहमीच्या सेटिंगमध्ये कोरडा सिग्नलच साठवतं, ॲम्प फक्त वरून लागतो. तो कधीही बदला.

८. गुणगुण शोधा

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे घरातली गुणगुणही त्याच सुराची असते. ती कुठून येते हे ठरवायची सोपी परीक्षा आहे: गिटारचा व्हॉल्यूम शून्य करा. गुणगुण गेली तर ती पिकअपमधून येत होती. राहिली तर केबल, यूएसबी किंवा चार्जरकडे बघा.

पिकअपमधून येत असेल तर खुर्चीत बसल्या बसल्या हळूहळू वळा. सिंगल कॉइलची (एकाच गुंडाळीच्या पिकअपची) गुणगुण एका दिशेला जवळजवळ नाहीशी होते. तीच तुमची रेकॉर्डिंगची जागा. लॅपटॉपपासून हातभर लांब सरका. मग पंख्याचा रेग्युलेटर पाहा. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर दोन-तीनवर असताना हेडफोनमध्ये करकर येते, पूर्ण वेगावर नेला की ती पुष्कळ कमी होते, आणि बंद केला की जाते. दिव्याच्या डिमरचंही तसंच. वीज गेल्यावर घर इन्व्हर्टरवर चालत असेल आणि तो स्क्वेअर वेव्हचा असेल तर टेक घेऊच नका, सराव करा.

चार्जरमुळे येत असेल तर टेकपुरता तो काढा आणि बॅटरीवर वाजवा.

तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होणं नेहमीचं आहे, तारा ग्राउंडला जोडलेल्या असतात. पण तारांना हात लावताच मुंग्या आल्या, झिणझिणलं, तर वाजवणं लगेच थांबवा आणि इलेक्ट्रिशियनला बोलावून सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या. जुन्या काही घरांत तिसरं भोक असतं पण त्याला मागे वायरच नसते. गुणगुण घालवायला प्लगचा अर्थिंगचा पिन कापायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. त्या पिनवर जीव अवलंबून असतो.

९. पहिला टेक घ्या

ट्यून करा, मेट्रोनोम लावा, दोन मापं मोकळी सोडून सुरू करा. तीस सेकंद वाजवून थांबा आणि ऐका. पूर्ण गाणं वाजवून झाल्यावर केबल खरखरत होती हे कळण्यापेक्षा हे बरं.

रिदम गिटार भरदार हवी असेल तर तोच भाग दुसऱ्या ट्रॅकवर पुन्हा वाजवा आणि एक ट्रॅक पूर्ण डावीकडे, दुसरा उजवीकडे न्या. पहिलाच ट्रॅक कॉपी करून काम भागत नाही. दोन्ही हुबेहूब सारखे असल्यामुळे आवाज फक्त मोठा होतो, पसरत नाही. हाताने दोनदा वाजवण्यात जे बारीक फरक पडतात त्यांनीच ती रुंदी येते.

झालं की ‘फाइल’मधून ‘रेंडर’ करा, म्हणजे आवाजाची तयार फाइल बनवा: ठेवायला २४ बिट वेव्ह, ऐकवायला एमपी३. मित्र दुसऱ्या गावात असेल आणि तो बास किंवा ड्रम भरणार असेल तर त्याला ॲम्प लावलेला आणि कोरडा असे दोन्ही ट्रॅक पाठवा. गिटार उशिरा सुरू होत असली तरी दोन्ही प्रोजेक्टच्या अगदी शून्यापासून रेंडर करा, म्हणजे त्याच्याकडे आपोआप जागेवर बसतील. सोबत गाण्याचा टेम्पो आणि सॅम्पल रेट लिहून द्या. व्हॉट्सॲपवरून पाठवत असाल तर फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडा.